अंकल, घरीच करून या

मी हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा डिलीट मारलं. विषयच असा आहे ना, की चार माणसांत तोंड उघडता येत नाही.

मी सिद्धेश. अंधेरी ईस्टला, मरोळच्या बाजूला एका छोट्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. ऑपरेशनआधी पुरुष पेशंटचे केस काढायचं काम माझ्याकडे. छातीचे, पोटाचे, आणि हो, खालचे पण. कोर्स-बिर्स काही केला नाही. आमचा सीनियर भीमराजदादा, त्याच्याकडून थोडं शिकलो, बाकी करत करत.

दादा पहिल्याच दिवशी बोलला, "रेझरला हात नाही लावायचा. ट्रिमर घे. केस बारीक झाले की बस, गुळगुळीत कशाला पायजे? लग्नाला चाललाय काय तो?" मग बोलला, "कोणी घरी रेझर मारणारच असेल तर त्याला सांग. आधी कोमट पाणी, भरपूर फेस, नवीन ब्लेड, केस वाढतात त्याच दिशेने. उलटा फिरवला की वाट लागली. नंतर टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. तुरटी नाही, सेंट नाही. पण ऑपरेशन असेल तर घरी काहीच नाही करायचं. साध्या पुटकुळीतून पण इन्फेक्शन होतं."

हे सगळं मला पाठ होतं.

डेल्रॉय माझा शाळेपासूनचा दोस्त. गावठाणात घर. त्याचे डॅडी, कॉस्मस अंकल, गोरेगावला शूटिंगचे सेट बांधायचे, सुतारकाम. आयुष्यभर फळ्या उचलल्या, त्यातून हर्निया. जांघेत लिंबाएवढा फुगवटा. झोपले की आत जायचा, उभे राहिले की बाहेर. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात ठरलं, बुधवारी.

आदल्या आठवड्यात तपासणीला आले तेव्हा त्यांनी मला जिन्याजवळ ओढलं.

"सिद्ध्या, ते केस तूच काढणार काय रे?"

"हो अंकल."

"अरे देवा. तुला मी चड्डी घालायला शिकवली, आणि आता तू माझी उतरवणार?"

आम्ही दोघं हसलो. पण या माणसाच्या मांडीवर बसून मी आंबे खाल्लेत यार. मी पटकन बोलून गेलो, "अंकल, घरीच करून या. मी केस काढले म्हणून फॉर्मवर टिक मारतो."

त्यांचा चेहरा केवढा मोकळा झाला. "देव तुझं भलं करो," बोलले.

कसं करायचं ते मी सांगितलंच नाही. करूच नका, हे तर नाहीच नाही. सांगायचं तर त्या जागेचं नाव घ्यावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी गाऊन वर केला आणि मी बघतच राहिलो. जांघेपासून खालपर्यंत लाल पुरळ. केसांच्या मुळाशी पू धरलेला. खाजवून खाजवून कातडी सोललेली.

सर्जन ओरडले, "हे कोणी केलं?"

अंकल छताकडे बघत बोलले, "मीच, डॉक्टर."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी ट्रे धरून उभा होतो. मी पण नाही घेतलं.

सर्जन बोलले, आत जाळी बसवायची आहे, असल्या कातडीवर कापलं तर आत पू होईल. गोळ्या घ्या, पंधरा दिवसांनी या.

अकराव्या दिवशी सकाळी फुगवटा आत जाईना. दगडासारखा कडक झाला. उलट्या सुरू झाल्या. डेल्रॉयने त्यांना रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आतडं अडकून काळं पडलं होतं. ते कापून काढलं. तिसऱ्या दिवशी अंकल गेले.

परवा चर्चमध्ये अंकलच्या महिन्याचा मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला सगळे उठले, डेल्रॉयची मम्मी, लूर्डस आंटी, बाकावरच बसून राहिल्या. नंतर घरी जेवण होतं. मी ताट ठेवायला किचनमध्ये गेलो, तर त्या ओट्याला टेकून उभ्या.

"सिद्धेश, रेझर मीच दिला त्यांना," बोलल्या. "जुना. ते बोलले नवीन आण, मी बोलले, तिथे कोण बघणार आहे? आग झाली तर तुरटी पण मीच दिली. मीच मारलं रे त्यांना. एवढं पाप घेऊन कम्युनियन कसं घेऊ?"

मी ताट ठेवलं, बाहेर आलो.

डेल्रॉय घरासमोरच्या क्रुसापाशी उभा होता. "महिना झाला," तो बोलला, "मम्मी कम्युनियन घेत नाही. फादरनी विचारलं, त्यांना पण काही सांगत नाही. जेवत पण नाही धड."

मग मी त्याला सांगितलं. जिन्याजवळचं सगळं. फॉर्मवरच्या टिकचं पण, आंटी किचनमध्ये बोलल्या ते पण.

 मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"का नाही सांगितलंस त्यांना, करू नका म्हणून?"

"लाज वाटली."

"कोणाला?"

"मला."

"तुझं कामच ते आहे ना रे!" त्याचा आवाज फाटला. दोन बायका वळून बघायला लागल्या. मग हळू बोलला, "मला सांगून काय उपयोग? माफ-बिफ करायचं नंतर बघू. मम्मीला सांग."

"त्या मला परत दारात उभं नाही करणार, डेल."

"नाही करणार कदाचित. पण ती स्वतःला खातेय. तुझ्या वाटणीचं पण तीच खातेय."

 मी बोललो.

"रविवारी येतो. मिस्साच्या आधी. त्यांच्यासमोर बसून सांगतो, घरी करा हे मी बोललो होतो आणि कसं ते सांगायला मला लाज वाटली. काही गाळणार नाही. प्रॉमिस."