दादाचं हॉटेल

"समुद्र दिसतो म्हणजे नेमका किती दिसतो?" धाकट्याने विचारले.

काउंटरमागची मुलगी हसली. "पूर्ण दिसतो, सर."

"पलंगावर बसल्या बसल्या, की गॅलरीत जाऊन मान वाकडी केल्यावर?"

"भाऊजी, समुद्र विकत घ्यायचा नाहीये आपल्याला," मागून वहिनी म्हणाल्या. "जेवायची खोली तेवढी दाखव म्हणावं तिला."

मुलगी पुन्हा हसली. तेच हसू, तेवढेच रुंद. धाकट्याने ते मनात टिपून ठेवले. शिकवलेले हसू आणि आपसूक आलेले हसू यांतला फरक ओळखण्यात त्याची उभी नोकरी गेली होती. विमा कंपनीत तो नुकसानीचे दावे तपासणारा कारकून होता. जळालेल्या दुकानाचा मालक आगीपेक्षा मालाचेच वर्णन अधिक रंगवू लागला, की धाकट्याची पेन्सिल आपोआप थांबे. कचेरीत त्याला शंकासुर म्हणत, आणि त्या नावाचा त्याला मनातून थोडा अभिमानही होता.

एकच दावा त्याला आजवर तपासायला मिळाला नव्हता. तो थोरल्या भावाचा.

थोरला तरुणपणीच घर सोडून या समुद्रकाठच्या शहरात आला होता. पुढे कितीतरी वर्षे तो सुट्टीला घरी येई आणि 'आमच्या हॉटेलच्या' गोष्टी सांगे. तिथे तो मॅनेजर होता. लॉबीतून वर जाणारा पांढरा वळणदार जिना, जेवायच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारी नांगरलेली जहाजे, संध्याकाळी पियानो वाजवणारा टकलू म्हातारा, भिंतभर पसरलेली माशांची काचेची टाकी. हे सांगताना थोरल्याचा आवाज हळू होई, जणू आत कुणी झोपले आहे आणि तो ऐकणाऱ्याला हाताला धरून, पावलांचा आवाज न करता, त्या घरातून फिरवून आणतो आहे. हॉटेलचे नाव विचारले की म्हणे, "नावाचं काय घेऊन बसलास? मालक बदलला की पाटी बदलते." वहिनींना एकदा तरी का नेत नाहीस, असे विचारले तर म्हणे, "घरच्यांना आणायचं नाही असा नियम आहे." नोकरी संपवून तो घरी परतला, आणि गेल्या वर्षी एका दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता गेला. मांडीवरचे पान उलटायचे राहून गेले होते.

आता वहिनींनी ठरवले होते, की ते हॉटेल शोधून तिथे एक रात्र राहायचे. "आता कोण नियम सांगणार आहे मला?" त्या म्हणाल्या होत्या. "खर्च माझा. तुम्ही फक्त बरोबर या."

सोबत म्हणून जातो, असे धाकट्याने घरी सांगितले. खरे कारण त्याने स्वतःलाही दबक्या आवाजातच सांगितले होते. दादा जन्मभर थापा मारत होता, हे त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

जेवायच्या खोलीच्या खिडकीबाहेर जहाजे होती. दूर, धुरकट, खरोखरच नांगर टाकून उभी. दाराशी भिंतीत बसवलेली माशांची टाकीही होती. वहिनींचा चेहरा उजळला. "हेच की हो, भाऊजी."

"जिना कुठे आहे?" धाकट्याने मुलीला विचारले.

"जिना मागच्या बाजूला, सर. आग लागली तर उतरायचा. एरवी लिफ्टच."

"पूर्वी होता का? पांढरा, वळणाचा?"

"नाही, सर. इमारत बांधली तशीच आहे."

वहिनींनी जहाजांकडे पुन्हा एकदा पाहिले. "मग हे नव्हे," त्या म्हणाल्या. "पुढचं बघू."

धाकट्याला बरे वाटले. बरे वाटल्याचे थोडे वाईटही वाटले.

किनाऱ्याच्या रस्त्यावर मोठी हॉटेले एकमेकांना खांदा लावून उभी होती, आणि समुद्राच्या सर्वांत जवळ आपणच, असे प्रत्येकाची पाटी सांगत होती. "सगळीच कशी सर्वांत जवळ असतील?" धाकटा पुटपुटला. खारट वाऱ्याने चष्म्याच्या काचा चिकट झाल्या होत्या.

दुसऱ्या हॉटेलात शिरताच वहिनी दारातच थबकल्या. समोर जिना होता. पांढरा, गुळगुळीत, वर जाता जाता अंग चोरून वळणारा. वहिनी कठड्याला हात लावून वळणापर्यंत गेल्या आणि वरून म्हणाल्या, "इथून उतरत असतील ना हे? कोट घालून?"

धाकटा खाली तिथल्या नोकराला विचारत होता, "पियानो कुठे असतो तुमचा?"

"पियानो नाही आपल्याकडे. गाणी लावतो आम्ही, हळू आवाजात."

"आणि खिडकीतून जहाजं?"

"जहाजं पलीकडच्या अंगाला, साहेब. इथून वाळू दिसते. वाळूही छान आहे."

वहिनी जिना उतरल्या. वर जाताना लागला नव्हता एवढा वेळ त्यांना उतरताना लागला. बाहेर पडता पडता धाकट्याची नजर जिन्याखाली गेली. तिथे कोपऱ्यात एक माशांची टाकी होती, आणि आत एक केशरी मासा स्वतःशीच फेऱ्या घालत होता.

तिथेच त्याच्या डोक्यात काहीतरी खट्कन जुळले. खोटे बोलणारा माणूस हवेतून काही आणत नाही. इकडचे-तिकडचे उचलून तो आपले घर बांधतो. जहाजे पहिल्या हॉटेलातली. जिना इथला. टाकी मात्र दोन्हीकडे.

तिसऱ्या हॉटेलच्या लॉबीत पियानो होता, वर कापड पांघरून निजलेला. त्याच्या पाठीमागे भिंतभर टाकीतले पाणी निळे चमकत होते. जिन्याची चौकशी करायची गरज धाकट्याला उरली नव्हती.

"मी बसते जरा," वहिनी कोचावर टेकत म्हणाल्या. "पाय बोलायला लागले. तुम्ही करा चौकशी."

धाकटा दाराशी गेला. झुबकेदार मिशांचा म्हातारा दरवान रस्त्यावरच्या गाड्या न्याहाळत होता. धाकट्याने फोनमधला थोरल्याचा फोटो त्याच्यापुढे धरला.

"ओळखता?"

दरवानाने फोन लांब धरला, जवळ घेतला. "अहो, हे तर टाकीवाले काका."

"टाकीवाले?"

"माशांच्या टाक्या साफ करायचे. आमच्याकडची, पलीकडच्या दोन्हींतली, सगळ्यांकडची. बादली आणि नळी घेऊन सकाळी मागच्या दारानं यायचे. लॉबीत गिऱ्हाईक यायच्या आत काम आटपायचं असा नियम ना. कधी संध्याकाळी बोलावणं आलं, तर ते खांबाआड उभे राहून पियानो ऐकायचे." दरवान हसला. "माशांशी बोलायचे हो. आम्ही म्हणायचो, काका, मासे उलट बोलत नाहीत म्हणून बरं, नाहीतर तुमचं बिंग फुटलं असतं. बरे आहेत ना?"

"गेले," धाकटा म्हणाला. "गेल्या वर्षी."

"अरेरे," दरवान म्हणाला, आणि त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "तुम्ही कोण त्यांचे?"

धाकटा "ओळखीचा" म्हणाला.

दावा निकालात निघाला होता. इतक्या वर्षांचा संशय अक्षरशः खरा ठरला होता, आणि त्याच्या हाती आनंद म्हणावा असे काहीच लागले नव्हते. त्याने वळून पाहिले. एवढ्या मोठ्या लॉबीत वहिनी कोचाच्या अगदी कडेवर, कुणीतरी उठवील अशा धास्तीने बसल्या होत्या. त्यांच्याजवळ जे एकच हॉटेल होते, ते आता त्याच्या मुठीत होते; मूठ उघडली की संपले.

तो परतला तो हसतच.

"हेच ते, वहिनी. दरवान ओळखतो दादाला. मॅनेजरसाहेब म्हणाला. जिना होता म्हणे पूर्वी, नंतर पाडला."

वहिनी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "खोटं बोलावं ते ह्यांनी. तुम्हाला नाही जमत. तुम्ही हसत आलात तिथून इथपर्यंत. एरवी हसता का कधी?"

त्याने फोन खिशात घातला.

"सांगा. काय काम करायचे हे?"

"टाक्या साफ करायचा," धाकटा म्हणाला. "माशांच्या. सगळ्या हॉटेलांतून."

वहिनींनी त्या निळ्या भिंतीकडे पाहिले. "मासे होय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं भांडी घासतात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सुट्टीला यायचे तेव्हा बोटं बघायचे ना मी. पांढरी पडलेली, सुरकुतलेली. मॅनेजरची बोटं अशी असतात? पण वाटलं, असेलही एखादं हॉटेल असं, जिथं मॅनेजरलाही कामाला लावतात. आज आले ते त्या आशेवर." त्या थांबल्या. "हे भांडी घासत असते तरी आले असते हो मी. त्या नियमाचा तेवढा राग येतो."

"पण तुमच्याशी कशाला खोटं बोलायचं त्यानं?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला ती झेपेना.

"माझ्याशी कुठं? मला आधी पत्र यायचं, काम मिळालंय, बरं आहे, एवढंच. तुम्ही विमा कंपनीत टेबलावर बसायला लागलात ना, त्या वर्षी हे मॅनेजर झाले."

लॉबीतले थंड वारे कुठूनतरी वरून येत होते. धाकट्याला आठवले, की गोष्टी सांगताना दादा नेहमी त्याच्याकडे बघत असे. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी धाकटा एक तरी प्रश्न विचारी. खिडकी कोणत्या दिशेला? पियानोवाल्याला पगार कोण देतो? त्या प्रश्नांच्या तोंडी द्यायला दादा पुढच्या सुट्टीत आणखी एक दालन बांधून आणी.

"इथंच घ्या खोली," वहिनी उठत म्हणाल्या. "आणखी फिरवू नका मला. ह्याच्यापुढच्या हॉटेलातही मासेच असणार."

काउंटरवर एक तरुण होता. तोही हसला. "स्वागत आहे. यापूर्वी आमच्याकडे राहिला होतात?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "पण आमच्या घरातले कामाला होते इथं."

"हो का? कोणत्या खात्यात?"

वहिनींनी तोंड उघडले आणि मिटले. काउंटरशी आणखी दोन माणसे उभी होती, चांगल्या कपड्यांतली, किल्लीची वाट पाहत. त्यांनी सहज मान वळवली. धाकटा वहिनींच्या एक पाऊल मागे, नेहमीसारखा, ऐकत उभा होता.

"माशांची टाकी साफ करायचे," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "इथली, आणि रस्त्यावरच्या सगळ्या हॉटेलांतली. माझे थोरले भाऊ."

तरुण क्षणभर थांबला, मग "अच्छा" म्हणून मान लववून किल्ली शोधू लागला. त्याचे हसू आता कोणत्या प्रकारचे होते, हे धाकट्याने पाहिले नाही.

काउंटरच्या थंड दगडावर टेकलेला वहिनींचा हात थोडा बाजूला सरकला, आणि धाकट्याला शेजारी उभे राहण्यापुरती जागा झाली.