एव्हिसबाईंची हेबी

ओटिरा गावाच्या वरच्या घळीत वाढणारं गुडघाभर उंचीचं झुडूप ही हेबीची स्वतंत्र जात आहे, असं एव्हिस मॅकरे एकतीस वर्षं सांगत होत्या. गावात हेबी कोणाच्या कुंपणाला नाही? त्यामुळे लोक सभ्यपणे ऐकून घेत, चहा संपवत आणि आपापल्या घरी जात. नवऱ्याला, म्हणजे मर्वला, ती सोय नव्हती.

झुडूप पहिल्यांदा दिसलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीला, डोरीनला. तेव्हाच दोघींचं ठरलं होतं की जात मान्य झाली तर नाव डोरीनचं द्यायचं. डोरीन नऊ वर्षांपूर्वी गेली. झुडूप अजून बिननावाचंच होतं.

या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, ते तपासायला वनस्पती संग्रहालयातून रेवा पारातेने नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी आली. शाळेत असताना एका फुलाचं चित्र एव्हिसबाईंनी तिला तीनदा काढायला लावलं होतं. आता ती सकाळपासून घळीतल्या खडीवर पालथी पडून भिंगातून पानं बघत होती. मर्व एका धोंड्यावर बसून चीजचा स्कोन खात होता.

"मिसेस मॅकरे," रेवा उठून बसली, "एक गोष्ट खटकतेय."

"एकच? शाळेत तर तुला काहीच खटकायचं नाही."

"प्रयोगशाळा म्हणते, ही आणि पलीकडची साधी हेबी सख्ख्या बहिणी. वेगळ्या म्हणाव्यात की नाही, ते त्यांना ठरवता येईना. म्हणून मी दोघींमधली हद्द बघायला आले. दोन हेबी शेजारी असल्या की सोयरीक होतेच, त्यांना सोवळं-ओवळं काही ठाऊक नाही. अर्धी ही, अर्धी ती, अशी झुडपं मध्ये हवीत. इथे एक नाही." तिने वही उघडली. "इतकी स्वच्छ हद्द मी अख्ख्या बेटावर पाहिलेली नाही. तुमचं म्हणणं खरं दिसतंय. लिहू मी तसं?"

एकतीस वर्षं एव्हिसबाई ज्या वाक्यासाठी थांबल्या, ते वाक्य आलं आणि त्या खडीवरच बसल्या.

मर्वने आभाळाकडे पाहिलं. आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता.

"पाऊस येईलसं दिसतंय," तो म्हणाला.

"तू गप्प बैस, मर्व."

"मी हवामानाबद्दल बोलतोय, एव्ही."

एव्हिसबाईंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग बोटांकडे बघत म्हणाल्या, "मी उपटली."

"काय उपटलं?"

"मधली झुडपं. दर उन्हाळ्यात. आमच्या वर्णनाशी न जुळणारी. मला वाटलं, कुणाच्या तरी बागेतून सुटलेली भेसळ आहे, डोरीनची जात बिघडवेल."

रेवाने वही मिटली. "किती उपटली असतील?"

"पोती सांगू की नग?" मर्वने विचारलं.

रेवाला हसू आलं होतं, पण तिने ते आवरलं. बाई अजून बाईच होत्या. ती सरकत त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"हे डोंगर कोवळे होते, तेव्हा समुद्रापलीकडून कुठूनसं एक बी आलं," ती म्हणाली. "मग डोंगर वाढले. बर्फ आला, गेला, परत आला. दर खेपेला मधली झुडपं मारून गेला. उरली ती आपापल्या दरीत अडकली आणि वेगळी होत गेली. अशा शंभरेक जाती झाल्या. तुम्ही तेच केलंत. फक्त बर्फाला लाखो वर्षं लागली."

"बर्फाला पोती वाहायला नवरा नव्हता," मर्व म्हणाला.

"मग डोरीनचं नाव?" एव्हिसबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता.

"आज नाही देता येणार. कदाचित ही वेगळी होता होता मध्येच थांबलेली असेल, कदाचित मिसळूनही जाईल. दहा वर्षं काही उपटायचं नाही. नुसतं मोजायचं. मग झुडपंच सांगतील."

"दहा वर्षांनी मी ब्याऐंशीची होईन."

"न मोजताही व्हालच."

रेवाने वही आणि पेन्सिल एव्हिसबाईंच्या मांडीवर ठेवली. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि हद्दीवरून वाकून चालू लागल्या. पंधरा पावलांवर, दोन दगडांच्या बेचक्यात, करंगळीएवढं एक रोप होतं. पानं धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत. त्यांचा हात आपोआप खाली गेला; अंगठा आणि बोट बरोब्बर बुंध्याशी जाऊन थांबले.

मर्व स्कोन चावायचा थांबला.

एव्हिसबाईंनी रोपावर रेललेला खडा उचलून बाजूला टाकला. मग सरळ होऊन, चष्मा नाकावर चढवून, वहीत लिहिलं : एक.