अठरा खिसे

पहिला खिसा इतका आखडला, की त्यात पूर्वाची बोटंही धड जाईनात.

द्वारकाबाईंनी तो फ्रॉकवर धरून पाहिला, खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला, आणि शेवटी चिंध्यांच्या पिशवीत कोंबला.

"आई, छान तर दिसतोय," सोफ्यावरून संतोष म्हणाला. त्याने मोबाईलमधून मान वर केली, हेच पुष्कळ होतं.

"दिसून काय करू? मशीन कुठं ठेवू, तुह्या डोक्यावर?"

चूक त्यांचीच होती आणि म्हणूनच राग जास्त येत होता. वाशीमला असताना त्यांनी वर्षानुवर्षं शिवणाचे वर्ग घेतले होते. कापडावर ठिपके काढायचे, ठरावीक ठिपके दोऱ्यात उचलून ओढायचे, की चुण्यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. हे स्मॉकिंग त्यांनी कितीतरी मुलींना शिकवलं होतं. हवी त्याच्या तिप्पट रुंदी घ्यायची, असं प्रत्येकीला घोकायला लावलं होतं. आणि आता स्वतः दुप्पट कापून बसल्या होत्या.

मशीन म्हणजे पूर्वाचा इन्सुलिनचा पंप. त्यांची नात पूर्वा सहा वर्षांची, पहिलीत. गेल्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला, लहान मुलांना होतो तो. तेव्हाच द्वारकाबाई वाशीमचं घर बंद करून पुण्यात वारज्याला मुलाकडे आल्या. पंप काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटावर चिकटवलेल्या सुईवजा गोष्टीपर्यंत जाते. त्या चिकटवलेल्या भागाला सगळे 'सेट' म्हणत. सेट दोन-तीन दिवसांनी बदलायचा, पण पंप रात्रंदिवस अंगावरच हवा.

आधी त्यासाठी कमरेच्या पट्ट्याची पिशवी होती. वर्गातल्या एका मुलीने "तुझ्या पोटावर मोबाईल आहे का?" असं विचारून ती ओढून पाहिली. त्या दिवसापासून पूर्वाने पट्टा टाकला. मशीन ती चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचायची आणि ते धावताना पडायचं, नळीवर लोंबकळायचं. रुपालीने, म्हणजे द्वारकाबाईंच्या सुनेने, ऑनलाइन तीन-चार प्रकारच्या पिशव्या मागवल्या. पूर्वाने सगळ्या पलंगाखाली ढकलल्या.

"फ्रॉकलेच खिसा लावू," द्वारकाबाईंनी ठरवलं. साधा खिसा लावून पाहिला, तर मशीन त्यात हिंदकळायचं आणि फ्रॉक एका बाजूला ओढला जायचा. स्मॉकिंगचा खिसा मात्र ताणला जातो आणि पुन्हा मिटतो. आतली वस्तू मुठीत धरल्यासारखी राहते. खिशाच्या मागे फ्रॉकला एक काज केलं, की नळी आतल्या आत पोटापर्यंत.

दुसरा खिसा बरोबर बसला. द्वारकाबाईंनी पूर्वाला फ्रॉक घालून उभं केलं, मशीन आत सरकवलं.

"उडी मार."

पूर्वाने उडी मारली. मशीन जागचं हललं नाही.

"आता बोल, कसा हाय?"

"आजी, पण परवा सेट उजवीकडे असणार."

द्वारकाबाई बघतच राहिल्या. सेट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लावतात, हे त्यांना रोज दिसत होतं. फक्त शिवताना आठवलं नव्हतं.

"लावते उजवीकडेही."

"आणि दोन्ही सेम पाहिजेत. नाहीतर कुठल्यात मशीन आहे ते कळेल."

"कळलं तर कळलं! चोरी केली का आपण?"

पूर्वा फ्रॉक डोक्यावरून काढायला लागली आणि नळी अडकली. मग रडारड, मग रुपालीची ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमधून धावपळ. त्या दिवशी उजवीकडचा खिसा झालाच नाही.

हे सगळं एका फ्रॉकपुरतं राहिलं असतं. पण मध्येच शाळेचं गॅदरिंग आलं.

पहिलीच्या नऊ मुलींचा फुलपाखरांचा नाच होता. पिवळे फ्रॉक शाळेनेच शिवून घेतले होते, बिनखिशाचे. रुपाली सासूला घेऊन शाळेत गेली. वर्गशिक्षिका दीपमाला मॅडम हातात कागदी पंखांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या.

"मॅडम, पूर्वाच्या फ्रॉकला आम्ही दोन खिसे लावून घेऊ का?"

"एकीलाच? स्टेजवर ती लगेच वेगळी दिसेल. तुम्हालाच ते नकोय ना?"

मॅडमचं खरं होतं.

"त्यापेक्षा नाचापुरतं मशीन काढून ठेवा. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"क्रीडादिनाला असंच काढलं होतं," रुपाली म्हणाली. "थोडा वेळ काढलेलं चालतं, डॉक्टरही म्हणतात. पण नंतर लावायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. ते दप्तरात पडून राहिलं. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवस दवाखान्यात काढले आम्ही. आता मी काढू देणार नाही."

मॅडम जरा वरमल्या. "मला कळतंय हो. पण मग आपण यावर करायचं काय?"

द्वारकाबाईंचे पाय दुखत होते, बसायला कुणी खुर्ची दिली नव्हती आणि बोलणं गोल गोल फिरत होतं.

"नऊच्या नऊ फ्रॉकले खिसे लावून देते," त्या म्हणाल्या. "मग तर झालं?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "लावा. पण शनिवारी कार्यक्रम आहे. आणि सगळे सारखे हवेत. एकीचा मोठा, एकीचा छोटा असं आमच्याकडे चालत नाही."

परत येताना रुपाली स्कूटर चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर तिने मान मागे वळवली.

"आई, अठरा खिसे."

"मले मोजता येते."

घरी येऊन फ्रॉकचा गठ्ठा उघडला, तेव्हा द्वारकाबाईंना आपल्या जिभेचा मनापासून संताप आला. कापड गुळगुळीत, सॅटिनसारखं. त्याच्यावर ठिपका टिकत नव्हता, सुई सरकत होती, चुणी घातली की सुटत होती. खिशांसाठी त्यांनी जांभळं सुती कापड आणलं. पूर्वाला ते आधी आवडलं, मग नको झालं, मग पुन्हा आवडलं. तयार झालेल्या प्रत्येक खिशात ती हात घालून पाहायची आणि नंतर हात बाहेर काढायचीच नाही.

"ताणून ढिले होतील ते! सोड!"

"मऊ लागतं ना आजी."

समोरच्या फ्लॅटमधल्या मेहरुनताई मदतीला आल्या. त्यांच्या घरात पिढ्यांपासून शिवणकाम. सासरे कॅम्पात शेरवान्या शिवायचे. मेहरुनताईंना हातशिलाई उत्तम यायची आणि मत द्यायला त्याहून उत्तम यायचं. पहिलाच खिसा त्यांनी उचलून चष्म्यापुढे धरला.

"द्वारकाताई, हा खिसा आहे की वैतागलेल्या माणसाचं कपाळ?"

"माहंच कपाळ हाय ते. ओढा दोरा."

दुपारभर दोघी शिवत बसायच्या. द्वारकाबाई ठिपके काढायच्या, मेहरुनताई ते दोऱ्यात उचलायच्या. एकीला दोरा घट्ट हवा, दुसरीला सैल. त्यावरून रोज वाद. "तुमच्याकडे खिसा शिवतात की पोतं?" असं मेहरुनताई म्हणाल्या की द्वारकाबाई उठून चहा ठेवायच्या आणि त्यात मुद्दाम साखर कमी घालायच्या.

संध्याकाळी लॅपटॉप मिटला की रुपालीही येऊन बसायची. तिला शिवण येत नव्हतं. टाका एक इकडे, एक तिकडे, आणि दोरा असा ओढायची की कापड गोळा व्हायचं. ती आंघोळीला गेली की द्वारकाबाई तिचे टाके गुपचूप उसवायच्या आणि नव्याने घालायच्या. बुधवारी रुपाली टॉवेल विसरला म्हणून परत आली आणि दारातच थांबली.

"उसवताय?"

द्वारकाबाईंच्या हातात कात्री होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

"अवं, वाकडं झालं होतं जरा."

"रोजच वाकडं होतं का? उसवायचंच असतं तर मला बसवता कशाला?"

"म्या कुठं बसवलं? तूच येऊन बसते. दिवसभर काम करून थकते, जरा पड म्हणलं तर ऐकत नाही. माहं काम दुप्पट होऊन राहिलं तुह्या मदतीनं!"

मेहरुनताईंनी आपला खिसा गुंडाळला आणि "माझी भाजी करपत असेल," म्हणून निघून गेल्या. भाजी त्यांनी अजून फोडणीलाही टाकली नव्हती.

रुपाली खाली बसली. तिचा आवाज चढला होता, तो एकदम उतरला.

"दिवसभर मी काय करते माहितीये आई? तिच्या साखरेचे आकडे बघते. हे खाऊ नको, ते आत्ता नको. सेट बदलायचा असला की ती मला बघून टेबलाखाली शिरते. संतोष तिला फिरायला नेतो, तुम्ही गोष्टी सांगता. सुई माझ्याकडे. तिला हवीशी वाटेल अशी एक तरी वस्तू माझ्या हातून व्हावी, असं वाटलं. बाकी काही नाही."

वाशीमच्या वर्गात एखादी मुलगी रडायला लागली, की द्वारकाबाई तिला पाणी द्यायच्या आणि नवीन कापड द्यायच्या. दुसरं काही त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी उठून पाण्याचा ग्लास आणला, जांभळ्या कापडाचा एक नवा तुकडा काढला आणि त्यावर ठिपके काढून दिले.

"हे पाह्य. दोरा ओढताना घाई नको करू. तू असा ओढते, जसं कोणाचे कान पिळून राहिली."

रुपाली नाक पुसत हसली. त्या दिवशी तिचा एक खिसा झाला. तो थोडा तिरपा होता. द्वारकाबाईंनी तो उसवला नाही, पण पूर्वाच्या फ्रॉकलाही लावला नाही. तिथे मशीन राहायचं होतं, तिथे लाड चालणार नव्हते. तो राधा नावाच्या मुलीच्या फ्रॉकला गेला.

शुक्रवारी संध्याकाळी अठरावा खिसा लागला. द्वारकाबाईंची मान आखडली होती आणि मेहरुनताईंनी पुढचा महिनाभर जांभळा रंग डोळ्यांसमोर आणायचा नाही, असं जाहीर केलं होतं.

शनिवारी हॉल भरला. संतोषने पुढची जागा धरली होती आणि मोबाईल उभा करून शूटिंगला सज्ज होता. पडदा वर गेला. नऊ पिवळी फुलपाखरं ओळीत उभी होती, पाठीला कागदी पंख, पोटावर दोन-दोन जांभळे खिसे. लांबून कुठल्यात काय आहे, देवालाही कळलं नसतं. द्वारकाबाईंनी कितीतरी दिवसांनी पाठ टेकली.

गाणं सुरू झालं. मुलींनी हात पसरून उडायचं होतं. टोकाला उभ्या राधाने दोन्ही हात खिशात घातले. तिला ते मऊ लागले असावेत. ती तशीच उभी राहिली, चेहऱ्यावर समाधान. शेजारच्या मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि आपलेही हात घातले. मग तिसरीने. बघता बघता ओळ खिशात हात घालून उभी, जणू बसची वाट पाहत होती.

"पंख!" पडद्याआडून दीपमाला मॅडम ओरडल्या. "हात बाहेर! पंख!"

हॉल हसायला लागला. नाचत होती फक्त पूर्वा. खिशाला हात लावायचा नाही, असं तिला आठवडाभर इतक्या वेळा बजावलं होतं, की ती दोन्ही हात लांब पसरून जीव तोडून उडत होती. राधाभोवती एक फेरी मारली, मध्यभागी आली, गिरकी घेतली. बरोबरच्या मुलींचं काय चाललंय हे तिच्या गावीही नव्हतं. रुपालीने तोंडावर हात धरला होता. ती हसतेय की रडतेय ते द्वारकाबाईंना कळेना, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहणंच टाळलं.

"आजी, खिसे उत्तम झालेत," कार्यक्रमानंतर मॅडम म्हणाल्या. "महिनाभर नाच बसवला मी. नऊ फुलपाखरांपैकी उडालं एकच."

"मग? तुमालेच सगळ्या सारख्या पायजे होत्या."

मॅडमना हसू आवरलं नाही. तेवढ्यात राधाची आई आली. "काकू, किती गोड खिसे! आमच्या धाकटीच्या फ्रॉकला पण—"

"नाही," द्वारकाबाई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

घरी आल्यावर पूर्वा फ्रॉक काढायला तयार नव्हती. सगळ्यांनी आपल्याकडेच पाहिलं, हे तिने चौथ्यांदा सांगितलं. मग रुपालीने कपाटातून नवा सेट काढला आणि पूर्वाचा चेहरा पडला.

"आज नको."

"आजच आहे, पिल्लू."

पूर्वा टेबलाखाली शिरली. संतोष तिला बाहेर ओढायला वाकला, तर तिने लाथा झाडल्या. कागदी पंख फाटले. द्वारकाबाईंना वाटलं होतं, आजच्या दिवशी तरी हे होणार नाही. का वाटलं होतं, कोण जाणे. खिशाचा आणि सुईचा काय संबंध?

"बाहेर ये," त्या म्हणाल्या. "नाही तर मले खाली यावं लागेल, आणि मग मले वर कोण उचलणार?"

थोड्या वेळाने पूर्वा रडतच बाहेर आली आणि आजीच्या मांडीवर बसली. रुपालीने जागा पुसली. तिने सेट पोटाच्या उजव्या बाजूला टेकवला. पूर्वाने डोळे घट्ट मिटले आणि किंचाळली, आणि झालं.

आता मशीन उजव्या खिशात ठेवायचं होतं. रुपालीने नळीचं टोक मागच्या काजातून घालायला घेतलं. ते जाईना. तिने पुन्हा प्रयत्न केला.

"आई, हे काज लहान झालंय."

द्वारकाबाईंनी बोट घालून पाहिलं. खरंच लहान होतं. त्यांनी छताकडे बघत एक लांब श्वास सोडला, कमरेला हात लावून उठल्या आणि कात्री घेऊन आल्या.

"हलू नको," त्यांनी पूर्वाला दम दिला. "आणि रुपाली, तू धर इथं. घट्ट नको. बस, असंच."