भिंतीवर नसलेली टोपडी

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनी दार अडवू नका, आजची गोष्ट दाराचीच आहे. तिचा शेवट गोड होईल असं मात्र कबूल करत नाही.

रविवारी सकाळी टोपडेबाबांच्या सभागृहात मुंगीलाही वाट मिळायची नाही. समोरची भिंत छतापर्यंत तान्ह्या बाळांच्या टोपड्यांनी भरलेली. लोकरीची, सुती, झालरीची. तीनशे तरी असतील. एकेका टोपड्यामागे एकेक जन्मलेलं बाळ. भिंतीखाली बाबा बसायचे, हसरे, गुळगुळीत दाढी केलेले.

"मी कोण? मी नुसती वायर," बाबा म्हणायचे. "करंट वरून येतो. माझ्या स्पंदनांनी कुशीतली पेशी न् पेशी जागी होते. डॉक्टरांच्या सुईला ती बिचारी घाबरते हो. घाबरलेला पाहुणा घरात टिकेल का?"

गर्दी माना डोलवायची.

"माझी जाऊ नुसती दारात उभी राहिली, आणि तिला दिवस गेले," एक बाई कौतुकानं म्हणाली.

"दारातच? मग आत यायचे कष्ट वाचले की तिचे," शेजारून आवाज आला. बोलणारीला तिच्या धाकट्या बहिणीनं कोपरानं ढोसलं.

ही बोलणारी मूल न होणाऱ्यांच्या दवाखान्यात संशोधनाच्या नोंदी ठेवायची. तिथे सगळे तिला वहीवाली म्हणत. उपचार घेऊन गेलेल्या प्रत्येक घरी वर्षातून एकदा फोन करायचा: मूल झालं का, झालं असेल तर कसं आहे, नसेल तर तुम्ही दोघं कसे आहात. डॉक्टरीणबाईंचा दंडक एकच होता, वहीतलं एकही नाव गाळायचं नाही. "जी फोन उचलत नाही, तिच्याकडेच आपलं उत्तर असतं," त्या म्हणायच्या. नऊ वर्षं वहीवालीनं पलीकडचं रडणं ऐकलं होतं, आणि डोळे पुसून पुढचा नंबर लावला होता.

धाकटीचेच सहा वर्षं उपचार चालले होते. गोठवून ठेवलेल्या गर्भांपैकी शेवटचा तेवढा उरला होता, तो तीन दिवसांपूर्वी तिच्या पोटात सोडला होता. आता रोज औषध घ्यायचं आणि तपासणीच्या दिवसाची वाट बघायची. हा गेला की बस, असं नवराबायकोनं ठरवलं होतं.

"दोन्हीकडून जोर लावू ना, ताई," धाकटी म्हणाली होती. "नुकसान काय आहे?"

बाबांनी धाकटीला जवळ बोलावलं, कानात काही पुटपुटले, आणि एक कोरं टोपडं हातात ठेवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाळ आलं की हे टांगायला यायचं. नाही आलं, तर या दारात पाऊल टाकायचं नाही. रिकाम्या कुशीच्या सावलीनं दुसरीचा गर्भ गळतो."

निघताना वहीवाली दारातच थबकली. तिनं वळून भिंतीकडे पाहिलं. परत आलेल्यांचीच टोपडी होती तिथे. न आलेल्या कुठे होत्या?

त्या तिच्या वहीत होत्या. 'आणखी कुठे गेला होता?' असा एक रकाना होता. एकशे चाळीस जणींनी तिथे टोपडेबाबांचं नाव सांगितलं होतं. त्यांतल्या पस्तीस जणींना मूल झालं होतं, चौघींत एकीला. बाबांकडे न गेलेल्यांचा हिशोब मांडला, तर तिथेही चौघींत एकीलाच. बाबांनी काहीच केलं नव्हतं. तिघींना दाराबाहेर ठेवलं होतं आणि चौथीला भिंतीवर टांगलं होतं.

"तुझ्या वहीला काय कळतंय?" धाकटीनं ऐकूनच घेतलं नाही.

मग मूल न झालेल्यांना बाबांसमोर बोलवावं का, असं वहीवालीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. "नाव कुणाचं फुटता कामा नये," त्या म्हणाल्या. "मी स्वतः फोन करते. ज्यांना यावंसं वाटेल, त्या येतील."

पुढच्या रविवारी चाळीस जणी आल्या. प्रत्येकीच्या हातात कोरं टोपडं.

"माई, नियम आहे," बाबांचं हसू पहिल्यांदा ढळलं.

"तोच दाखवायला आलोय," वहीवाली म्हणाली. "लोकहो, ही भिंत तुम्ही पाहिलीत. हिच्यावर जे नाही ते या बायकांच्या हातात आहे. न आलेल्या सगळ्यांची टांगायची म्हटलं तर अशा आणखी तीन भिंती लागतील."

"यांची श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

एक पिकल्या केसांची बाई पुढे झाली. "अकरा वर्षं कपाटात जपलंय हे मी. नवऱ्यालाही दाखवलं नाही. कमी कुठे पडली ते तरी सांगा."

काही माणसं खाली मान घालून उठली. काहींनी मात्र आपल्या सुनांना त्या चाळीस जणींच्या सावलीतून बाजूला ओढलं.

आणि धाकटी भिंतीला टेकून हळूच म्हणाली, "ताई, त्यांनी कानात औषध बंद कर म्हणून सांगितलं होतं. आठवडा झाला, घेतलं नाही."

बुधवारी तपासणी झाली. काही उरलं नव्हतं.

"औषध चालू असतं तर टिकलंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण टिकायला संधी मिळाली असती."

धाकटी रडली नाही. "औषध सोडल्यानं नाही गेलं," ती बहिणीला म्हणाली. "तू त्या बायकांना आत आणलंस, म्हणून गेलं." आणि तिनं दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी सभागृह पुन्हा भरलं. फरक एवढाच, दारात आता राखणदार होता.

वर्ष उलटलं. फोन करता करता वहीवाली धाकटीच्या नावापाशी आली. घंटा वाजत राहिली. तिनं रकान्यात 'उत्तर नाही' लिहिलं, नाव गाळलं नाही, आणि पुन्हा नंबर लावला.

बाबांनो, बायांनो, देवाचं नाव मीही रोज घेतो. पण ज्या दारात दुःखी माणसाला मज्जाव आहे, तिथे देव नाही, धंदा आहे. कुणी चमत्कारांची भिंत दाखवली, तर एवढंच विचारा: ज्यांना गुण आला नाही, ते कुठे आहेत? त्यांनाही मोजा. आणि चालू औषध कुणाच्या कानगोष्टीवरून सोडू नका.

हात जोडाल तेव्हा त्या धाकटीची आठवण ठेवा. तिचं टोपडं अजून कपाटात आहे, आणि फोन वाजतो आहे.