आठ जणांचं जातं

मित्रांनो, वेत्तियसने मला शेवटचं फिरवलं ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. अंगणात ऊन आलं होतं. मूठमूठ गहू माझ्या तोंडात घालत तो दळत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

"बाबा, पुरे," त्याची लेक वेत्तिया म्हणाली. "आपण दोघंच आहोत. एवढं पीठ कोण खाणार?"

"आठ जणांचं दळायची सवय आहे या हाताला. दोघांचं जमत नाही त्याला."

"मग उरलेल्या सहा जणांना सांगा, येताना जळण तरी आणा म्हणावं."

तो हसला. दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठलाच नाही.

मी एका रोमन पलटणीतलं जुनं जातं आहे. ऱ्हाईन नदीजवळच्या खाणीत काळ्या दगडातून मला घडवलं. आमच्या पलटणीचं नाव 'अढळ'. दर तंबूत आठ शिपाई, त्यांचं एक खेचर आणि एक जातं. शिधा म्हणून गहू मिळे, तो शिपायांनीच दळायचा. दिवसभर चालून, छावणीभोवती खंदक खणून ते माझ्याभोवती बसत. कुणी दळे, कुणी भाकरी थापे, आणि त्यांच्यातला रूफियो माझ्या घरघरीवर बेसूर गाई. त्यांनी बांधलेल्या रस्त्यांचं कौतुक राजधानीपर्यंत पोचलं. माझं कौतुक एवढंच, की भाकरीत कचकच लागत नसे. मला तेवढं पुरे होतं.

मग एका हिवाळ्यात आमच्या किल्ल्याला वेढा पडला. गहू संपला. खेचरही खाऊन झालं. मला काम उरलं नाही. शेवटी पलटणीने शस्त्रं खाली ठेवली. सम्राटाने पलटणच मोडून टाकली, आणि तिचं नाव घेणंही लाजिरवाणं झालं. मला कुणी विचारलं नाही. आमच्या तंबूतल्या वेत्तियसने मला पाठीवर बांधून आणलं, या गावात घर केलं, लग्न केलं. पुढे वेत्तिया झाली. पलटणीचं नाव त्याने कधी काढलं नाही. तिनेही विचारलं नाही; वेढ्याची आणि उपासमारीची गोष्ट तिला गावातल्या कुजबुजीतूनच कळली.

शिपायाच्या थडग्यावर पलटणीचं नाव कोरायचं, ही तिथली रीत. पाथरवट सेनिलिस दगड घेऊन अंगणात आला.

"ताई, नुसतं 'शिपाई' लिहू? ते नाव कोरलं तर येणारेजाणारे थुंकतील."

"थुंकू देत. पाऊस पडतोच की."

"नाव 'अढळ', आणि गेले शरण."

"उपाशी होते ते. तुम्ही एक दिवस जेवला नाहीत तर छिन्नी उचलवेल का? ठळक कोरा."

सेनिलिसने छिन्नी उचलली. त्याने ठळक कोरलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्ही जपालच. पण त्या वापरणारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा. माझ्यासारख्या दगडाला सगळं ठाऊक असतं, एरवी सांगता मात्र येत नाही.

सेनिलिस गेल्यावर वेत्तियाने त्या नावावरची धूळ पदराने पुसली. मग मोठ्याने म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही शरण गेलात, म्हणून मी जन्मले. बरं केलंत."