राखीव बाक

शेवंती घाडीला सामन्यात एका जागी बसता येत नाही, हे परळपासून काळाचौकीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रशिक्षकासाठी मांडलेल्या खुर्चीवर मुलींच्या पिशव्या पडलेल्या असायच्या. बाई चुन्याच्या रेषेकडेनं येरझारा घालायच्या, स्वतःशी पुटपुटायच्या, लाइन्समनच्या पायात यायच्या, आणि त्यानं हटकलं की दोन पावलं मागं सरून तीन पुढं यायच्या. "आमच्या मुलींपेक्षा ही बाई जास्त धावते," असं मंडळाचे सेक्रेटरी रघुवीर मोरजकर कौतुकानं सांगायचे. त्यात फारशी थाप नव्हती.

लोकांना वाटायचं, खेळाची आग आहे. आग होतीच. पण खरी गोष्ट अशी, की खुर्ची राखीव खेळाडूंच्या बाकाला लागून असायची, आणि शेवंतीला त्या बाकाकडं बघवत नसे.

तिचे वडील दौलत घाडी गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. रोज पाळीच्या आधी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही, तर मुकादम बोट दाखवणार, मग न आलेल्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, आपण. सगळे आले तर आल्या पावली घरी. दौलतनं असं चौदा वर्षं केलं. काम मिळालं की संध्याकाळी जिन्यातूनच हाक यायची, "शेवंती गो, आज नंबर लागलो!" नाही मिळालं तर हाक नसायची. शेवंतीनं तेव्हाच ठरवलं होतं, की आपली जागा एकदा मिळाली की मेलं तरी सोडायची नाही.

जागा मिळाली ती फुटबॉलमध्ये, तीही अपघातानं. ती शाळेतून खो-खो खेळायची. अप्पा नावाच्या एका हौशी गृहस्थानं मुलींचा फुटबॉल संघ नोंदवून ठेवला होता आणि मुली होत्या सातच. त्यांनी खो-खोच्या मैदानावरून चार जणी उचलल्या. "पळता येतं, वळता येतं, आता चेंडू तेवढा शिकायचा राहिलाय," म्हणाले. शेवंती तो शिकली, आणि उजव्या आघाडीला जी उभी राहिली ती आठ वर्षं एकदाही मैदानाबाहेर आली नाही. ताप असला तरी नाही, अंगठ्याचं नख उखडलं तरी नाही.

त्यातली मधली तीन वर्षं तिच्या जागेची राखीव म्हणून बाकावर बसली शांती, शीव कोळीवाड्यातली. सकाळी आईबरोबर मासळीच्या पाट्या उचलून मग सरावाला यायची. पाय लोखंडी. दर सामन्याला बुटाच्या नाड्या घट्ट बांधायची आणि दर सामन्यानंतर कोरड्या अंगानं सोडायची.

ब्याऐंशी साली संप झाला. कायम कामगारांना निदान संप तरी होता, बदलीवाल्यांना दारात उभं राहायचीही सोय उरली नाही. दौलत दिवसभर खिडकीत बसून खालचा रस्ता बघायचे. आईची खानावळ होती, तिचे मेंबर एकेक करून कोकणात गावाकडं निघून गेले. त्र्याऐंशीत बातमी आली, की एका कंपनीला खेळाडूंच्या कोट्यातून एक मुलगी भरायची आहे आणि साहेब सामना बघायला येणार आहेत. नेमका दोन दिवस आधी शेवंतीचा घोटा मुरगळला. तिनं पट्टी आवळली, वर दोन मोजे चढवले आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

शांतीला कळलंच. तीन वर्षं ती दुसरं काय बघत होती! हाफटाइमला तिनं हळूच म्हटलं, "शेवंते, पाय सुजलाय तुझा. बस जरा. मी जाते."

शेवंतीचं डोकंच फिरलं. अकरा जणींदेखत ती ओरडली, "तीन वर्षं माझ्या पायावर डोळा ठेवून बसलीयेस! तुझीच नजर लागली मला, रांडे!"

शांतीनं खाली बसून नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि अनवाणी निघून गेली. ती पुन्हा आली नाही. शेवंती तशीच खेळली, एक गोल मारला, नोकरी मिळाली. संपात घर तगलं ते त्या नोकरीवर. पाय मात्र पुढं दोन वर्षांत कामातून गेला आणि खेळाडूची प्रशिक्षक झाली. नजर लागली हे तिनं मनात इतकं पक्कं धरलं होतं, की पायानं ठणका दिला की ती शांतीला शिव्या घालायची. शांती आता लालबागच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. मालवणी घरातली शेवंती लालबागला राहून मासे आणायला दादरला जायची. का, ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तर, एक्याण्णवचा अंतिम सामना, कूपरेजचं मैदान. हाफटाइमला एक-एक बरोबरी. मुली गवतावर पसरून संत्र्याच्या फोडी चोखत होत्या, आणि शेवंती येरझारा घालता घालता थबकली. सगळ्यांनी बूट सैल केले होते. रखमानं केले नव्हते.

रखमा तिची कॅप्टन, काळाचौकीची, एकोणीस वर्षांची, शेवंतीनं घडवलेल्या मुलींत सगळ्यात सरस. ज्याचा पाय धड असतो तो विश्रांतीला बूट सैल करतो. ज्याचा सुजलेला असतो तो करत नाही, कारण एकदा काढला की पाय परत आत जात नाही. हे शेवंतीला कुणी शिकवायला नको होतं.

"रखमा, बूट काढ."

"नको ना ताई."

"काढ म्हणते ना!"

रखमानं आवाज खाली आणला. "ताई, वर महाराष्ट्राच्या टीमचे सिलेक्टर बसलेत. आज बाहेर बसले तर खल्लास. बाबांची गिरणी बंद, दादाला काम नाही. सिलेक्शन झालं तर नोकरीचं बघतील." मग तिनं सरळ डोळ्यांत बघून विचारलं, "तुम्ही बाहेर बसला असतात?"

शिट्टी झाली. रखमा उठून मैदानात पळाली, पहिली चार पावलं अगदी झकास टाकत. शेवंतीनं तिला जाऊ दिलं.

पुढची बारा मिनिटं तिच्या जिवाला थारा नव्हता. रखमा उजव्या पायावर भार देत नव्हती. समोरच्या संघातली चार नंबरची दांडगी पोरगी पहिल्या हाफपासूनच दर वेळी तिला येऊन धडकत होती. बाहेर काढलं तर एका घराच्या तोंडचा घास जात होता. ठेवलं तर पाय जात होता, आणि पाय गेल्यावर पुढं काय होतं ते शेवंती रोज जिना चढताना भोगत होती. आपण लबाडी करून खाल्लं आणि हिला मात्र शहाणपण शिकवायचं, याची तिला लाज वाटत होती. तेवढ्यात चार नंबर पुन्हा आदळली. रखमा पडली, उठली, आणि उठताना तिनं तोंडात आपली कॉलर चावून धरली होती.

शेवंतीनं हात वर केला. "लक्ष्मी! चल, ऊठ."

बाकावरची लक्ष्मी उठली नाही. ही सतरा वर्षांची, दोन वर्षं राखीव. नाड्या कधीच्या बांधलेल्या, चेहरा पांढरा पडलेला.

"ऊठ ग! ऐकू येत नाही?"

"मी नाही जाणार ताई."

"काय झालं?"

लक्ष्मीला रडू फुटलं. "मीच मागितलं होतं. गणपतीसमोर. रखमाचा पाय मोडू दे म्हटलं. आणि खरंच... ताई, माझ्यामुळं झालं."

शेवंतीच्या जिभेवर शांतीला घातलेली ती जुनी शिवी आपोआप आली होती. समोर ती मुलगी हुंदके देत होती आणि शेवंतीला दिसत होती शांती, हातात बूट घेतलेली. ती लक्ष्मीच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली. दुखऱ्या पायातून कळ गेली, तरी बसली.

"ऐक. माझे वडील बदलीवर होते. ते गिरणीकडं निघाले, की आमची आई देवापुढं उभी राहायची. रोज. काय म्हणायची माहितीये? 'बा देवा म्हाराजा, आज कोणाचो तरी साचो रिकामो रवांदे.' म्हणजे काय? कुणाचं तरी पोर तापू दे. कुणाचा तरी हात मोडू दे. मी बाजूला वेणी घालत बसलेली असायचे, आणि मीपण हात जोडायचे. तेच मागून मी एवढी झाले."

लक्ष्मी रडायची थांबली. "मग मिळायचं?"

"कधी मिळायचं, कधी नाही. लोकांची पोरं तापायची तेव्हा तापायची. आमच्या मागण्यानं कुणाला शिंकसुद्धा आली नसेल. दारात उभं राहिलेला माणूस दुसरं काय मागणार ग? तुझं काही चुकलेलं नाही. तिचा पाय त्या चार नंबरनं फोडलाय. ऊठ आता, खेळ."

हे बोलताना आपण कुणाला सांगतोय, ते तिला कळत होतं. आठ वर्षं उशिरा कळत होतं, आणि ज्या बाईला सांगायचं ती तिथं नव्हती. शेवंतीला भर मैदानात स्वतःची शिसारी आली.

लक्ष्मीनं डोळे पुसले आणि रेषेपाशी जाऊन उभी राहिली. रखमा बाहेर आली ती कुणाकडं न बघता. लक्ष्मीनं पुढं केलेल्या हातालाही तिनं हात लावला नाही.

"खल्लास ना माझं?" तिनं विचारलं.

"या वर्षीचं, हो," शेवंती म्हणाली. खोटं सांगावंसं तिला वाटलं नाही.

रखमा बाकावर धपकन बसली. बूट निघेना, तेव्हा शेवंतीनं कात्रीनं नाडी कापली. घोटा वांग्यासारखा झाला होता. रखमा मान फिरवून रडत होती. तिकडं लक्ष्मीच्या पायात पहिला चेंडू आला आणि चार नंबरनं काढून नेला. दुसरा आला, तोही गेला. कुणीतरी मागून हुर्यो केली.

रखमानं बाहीनं नाक पुसलं. मग एकदम एका पायावर उभी राहिली आणि लंगडी घालत रेषेपर्यंत गेली.

"अगं येडे! ती दर वेळी उजवीकडनंच घुसते! डावीकडनं काढ! डावीकडनं!"

लाइन्समन वळून बघायला लागला. लांबवर लक्ष्मीनं मान हलवली. रखमाच्या डोळ्यांतलं पाणी अजून थांबलं नव्हतं आणि शिव्या घालत घालत ती त्या पोरीला एकेक गोष्ट सांगत होती, कुठं थांबायचं, कुठं वळायचं. शेवंतीनं तिला पडू नये म्हणून दंडाला धरलं. शांतीला यातलं एक अक्षर तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायचं काम शेवंतीचं होतं.