जेवन राहिली

"म्म."

म्म म्हणजे पाणी. म्म म्हणजे म्हैस. म्म म्हणजे मला उचल, कुत्रा कुठे गेला, हे नको ते दे. कधीकधी म्म म्हणजे नुसतंच म्म.

दामिनीला दोन वर्षं होऊन गेली होती आणि तिचं सगळं जग एवढ्याशा आवाजात मावत होतं. तिची आजी नंदाबाई म्हणायची, "कळते ना तिले सगळं? मंग? बोलंल. घाई काऊन करून राहिले तुमी?"

गोंदियाकडच्या, नागऱ्याजवळच्या या गावात सगळेच असं बोलतात. येऊन राहिलो, जेवून राहिलो, धान कापून राहिलो. दामिनीची आई रेणू मात्र साताऱ्याकडची. शिरवळच्या कारखान्यात प्रफुल तिच्या शेजारच्या मशीनवर होता. लग्न झालं, प्रफुल शेती करायला गावी परतला, तशी तीही आली. पहिल्या वर्षी सासूने फाटकातून "मी येऊन राहिली" अशी हाक दिली की रेणूला वाटायचं, आल्या आणि राहिल्या? मग दिसत का नाहीत?

तिकडून तिची आई धुरपताबाई फोनवर म्हणायची, "प्वार गोंधळलंय गं. तुझं येक, त्यांचं येक, बाजारात हिंदी. दिवाळीपातूर बोललं तर बरं. न्हाईतर म्या येती आन् घिऊन जाती. माझ्यापाशी ऱ्हाऊ दे थोडं, पोपटावानी बोलंल."

रेणूने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही, कारण भीती तिलाही होतीच.

स्पीकरवरचं हे बोलणं नंदाबाईने भिंतीपलीकडून ऐकलं. नात जाणार? त्या दिवसापासून तिने तोंडाला विश्रांती दिली नाही. "हे पाय, आजी भांडे घासून राहिली. हे पाय, कोंबडी पळून राहिली. आता आजी बोलून बोलून दमून राहिली."

"माऊ."

मांजर पाहून. टाळ्या!

मग वासरू पाहून.

मग प्रफुलची मिशी पाहून. टाळ्या कमी झाल्या.

आणि दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी भात खाता खाता:

"जेवन राहिली."

रेणूने लगेच फोन लावला. नेटवर्क जात-येत होतं, चित्र दिसत नव्हतं, नुसता आवाज.

रेणू: आई, ऐक, ऐक. दामू, काय करतेस तू? सांग आजीला.

दामिनी: (तोंडात भात)

रेणू: मघाशी म्हणालीस ते सांग ना.

दामिनी: जेवन राहिली.

रेणू: ऐकलंस? आई, ऐकलंस ना?

धुरपताबाई:

धुरपताबाई:

रेणू: रडतेस का गं?

धुरपताबाई: ठिव फोन.

रेणू डोळे पुसत अंगणात आली. "आईला बोलवेना," ती सासूला म्हणाली. "इतका आनंद झाला."

"होनारच ना वं," नंदाबाई म्हणाली आणि नातीला आणखी एक घास भरवला.

साताऱ्यात काय ऐकू आलं ते असं:

जेवण राहिलं.

म्हणजे पोर उपाशी आहे. म्हणजे घरात एवढी माणसं असून तिला कुणी वाढलं नाही. म्हणजे जन्मातलं पहिलं वाक्य बोलली ती भुकेचं. आणि तिची आई, माझ्या पोटची मुलगी, वर हसून विचारते, ऐकलंस ना?

फोनवर भांडणं धुरपताबाईला पटत नसे. भांडायचं तर तोंडावर. तिने बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कंदी पेढे पिशवीत भरले, फोन पिठाच्या डब्याखाली गेला, वाजला तरी ऐकू येणार नाही असा, आणि ती कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीत बसली. ती गाडी गोंदियालाच संपते. झोप लागली तरी स्टेशन चुकायचं नाही.

मागाहून रेणूला भावाचा फोन आला: आई निघालीय. का ते सांगत नाही.

गोंदिया. ऑटो. प्रफुल शेजारी अंग चोरून बसलेला.

"प्वारीला सकाळी काय घालता?"

"भात."

"दुपारी?"

"भात, वरन."

"रातच्याला?"

प्रफुल विचारात पडला. "भातच, आई."

धुरपताबाईने तोंड फिरवलं. बाहेर कापलेल्या धानाच्या पेंढ्या बांधापर्यंत पसरल्या होत्या. एवढी साळ, आणि माझी नात उपाशी.

अंगणात दामिनी नंदाबाईच्या मांडीवर. दोन्ही गालांत भात, हनुवटीवर भात, कानात एक शीत.

धुरपताबाईने पिशवी खाली ठेवली नाही. "काय करतीया गं माझी बाय?"

"जेवन राहिली."

"बगा! पुन्यांदा! जेवान राहिलं म्हून प्वार तोंडानं सांगतीया, आन् तुमी..."

ती थांबली. सांगता सांगता पोरीच्या तोंडातून बराच भात खाली पडला होता.

"जेवूनच तं राहिली ना वो इहीनबाई," नंदाबाई म्हणाली. "दिसून नाई राहिलं तुमाले?"

"जेवून कुटं राहिली?"

"कुठंच नाई राहिली. जेवून राहिली!"

रेणूने दोघींकडे पाहिलं. खांबाला धरून ती हसायला लागली आणि हसत हसत खाली बसली. बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं. "आई, इकडं 'राहिली' म्हणजे चाललंय. जेवण चाललंय तिचं."

धुरपताबाई पायरीवर टेकली.

"आन् म्या गाडीत घासाला शिवली न्हाई," ती म्हणाली. "नात उपाशी, म्या कशी खाऊ."

आता कुणीच हसलं नाही. नंदाबाई उठली. नातीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने ताट आणलं, भात वाढला, वरण ओतलं.

"मंग तुमचं जेवन राहिलं," ती म्हणाली. साताऱ्याच्या अर्थाने.

धुरपताबाई दिवाळी करून जाणार होती. नातीला न्यायचा विषय कुणी काढला नाही, पण मोडलाही नव्हता. तिच्या निघण्याच्या सकाळी नंदाबाईने दामिनीचे सगळे फ्रॉक भिजत घातले. ओले कपडे कुणी बॅगेत भरत नाही.

इकडे दामिनीचं तोंड आता बंदच होत नव्हतं. कुत्रा झोपून राहिली. बाबा मिशी राहिली. पाऊस नाई राहिली. चुका भरपूर, आवाज मोठा.

"येतीस का माझ्यासंगं?" धुरपताबाईने विचारलं.

दामिनीने पेढ्यांचा खोका पोटाशी धरला. "मी पेढा लई खाऊन राहिली!"

नंदाबाईचा झाडू थांबला. "लई? हे लई कोनं शिकवलं हिले?"

"मला काय ठावं," धुरपताबाई म्हणाली आणि आढ्याकडे पाहू लागली.

"बाप्पा! आमच्या घरी कोनी लई म्हनत नाई."

"आता म्हंतील की." धुरपताबाईने खोक्यातला एक पेढा स्वतः उचलला. थोडा वेळ चघळला. "ऱ्हाऊ दे हिला हितंच. तुमचंबी बोलतीया, माझंबी बोलतीया. तिकडं न्हेली तर निम्मंच बोलंल."

रेणूने श्वास सोडला. नंदाबाईने पुन्हा झाडायला घेतलं, जोरजोरात, नव्हता तोही कचरा.

"पोट्टी राहू द्या," ती म्हणाली. "पन हे लई तेवढं वापस घेऊन जा."